साखराबाईंची डबी

अर्धापूरच्या पुढे, केळीच्या बागेला लागून साखराबाईंचं घर आहे. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हाही त्यांनी मला पायरी चढू दिली नाही.

"डबी तर नेलीस की. आता काय राहिलं?"

त्यांचे पती शेषेराव गेल्या वर्षी यकृताच्या कॅन्सरने गेले. दारूचा थेंबही न घेणारा माणूस. रक्तात साखर होती आणि यकृतावर चरबी. नांदेडला आमच्या प्रयोगशाळेत अशा रुग्णांच्या घरच्यांच्या शौचाचे नमुने तपासतात. आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात जातं. आतड्याचं अस्तर सैल पडलं की जंतूंचं विषही त्याच वाटेने तिथे पोचतं आणि यकृताची सूज वर्षानुवर्षं उतरू देत नाही. मुलगा हरिओम एकतीस वर्षांचा, त्यालाही साखर. नमुन्याची डबी मी त्याच्यासाठी दिली होती.

ती न्यायला आले त्या दिवशी साखराबाईंनी माझं नाव विचारलं. धम्मप्रिया, म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इतकं शिकलीस, अन् शेवटी लोकांचं हेच उचलायलीस?"

मी डबीवर वेळ लिहिली आणि निघाले.

आज मी विचारलं, "हरिओम घरी आहे का?"

"रेणापूरला गेलाय, पोरगी बघायला. तिथं काही कळवशील तर याद राख. बाप कॅन्सरनं गेला, पोराचं पोट तपासायलेत म्हटल्यावर कोण देईल पोरगी?"

"मावशी, डबीतला नमुना हरिओमचा नव्हता."

"मंग काय म्हशीचा होता?"

"बाईचा होता. शौचाबरोबर आतड्याच्या पेशी येतात, त्यावरून बाई की पुरुष ते कळतं. या घरात बाई तुम्ही एकट्याच."

त्यांचा आवाज चढला.

"लोकांच्या घरात असं चोरून बघायचं शिकवलं व्हय गं तुला कॉलेजात?"

"त्या नमुन्यात तोंडात राहणारे जंतू फार सापडले. यकृत बिघडलेल्या माणसांत ते आतड्यात उतरून टिकतात, असं पुष्कळदा दिसतं. म्हणजे कॅन्सरच आहे असं नाही. पण तुमची सोनोग्राफी व्हायला पाहिजे. याच आठवड्यात."

"मला काय धाड भरलीय? दहा गड्यांच्या भाकरी थापते मी रोज."

"शेषेरावही तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत बागेत होते."

"त्यांचं नाव तुझ्या तोंडानं घेऊ नको!"

त्या वरच्या पायरीवर, मी खाली. त्यांचे पाय माझ्या डोळ्यांसमोर होते. दोन्ही पावलं सुजलेली, चपलेच्या पट्ट्याचा खोल वळ उमटलेला. मी वाकून घोट्यावर बोट दाबलं. बोट काढल्यावरही खळगा तसाच राहिला; यकृत बिघडलं की असं पाणी पायांत उतरतं.

"हात काढ!" त्यांनी पाय मागे घेतला. पण नजर त्या खळग्यावरच होती.

मी पिशवीतून दोन नव्या डब्या काढून पायरीवर ठेवल्या. एकीवर त्यांचं नाव लिहिलं, दुसरीवर हरिओमचं.

"त्याला काय सांगू?"

"खरं काय ते."

"सोयरीक मोडली तर तुझ्या दारात येऊन बसन मी."

"बसा. आधी सोनोग्राफी करून या."

"तू असशील तिथं?"

"हो."

"मी तुझ्याशी बोलणार न्हाई."

"नका बोलू. गुरुवारी सकाळी नऊ वाजता, उपाशीपोटी."

त्यांनी दोन्ही डब्या पायाने आत सारल्या आणि दार आपटलं. मी रस्त्याला लागले तोच कडी वाजली. दार वीतभर उघडलं होतं.

"उपाशी म्हंजे चहा बी न्हाई?"

"चहाही नाही."

दार पुन्हा आपटलं.