एकनाथकाकांचं रिकामं टाउनहाउस

यादीत एकनाथकाकांच्या भाड्याने द्यायच्या टाउनहाउसचा पत्ता निघाला तेव्हा मी खूश झालो. नियमाने तो सोडून द्यायला हवा होता, कारण हे माझे मानलेले काका, आणि आठ महिने मी त्यांच्याच राहत्या घरात होतो.

१९९५ साल. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये लॅटिनो माणूस भाड्याचं घर शोधायला गेला की काय होतं, याचा आमच्या विद्यापीठाचा अभ्यास चालू होता. रीत सोपी. नोकरी सारखी, पगार सारखा सांगणाऱ्या दोन बायका वीस मिनिटांच्या अंतराने एकाच घरमालकाकडे पाठवायच्या. केली गोरी, ग्रासिएला मेक्सिकन. कुणाला काय उत्तर मिळालं, ते मी कोपऱ्यावर गाडीत बसून लिहायचं.

केलीला घर नको होतं. ग्रासिएलाला खरंच हवं होतं; दोन मुलं घेऊन ती बहिणीच्या हॉलमध्ये झोपत होती.

"इथे नाटक नको," मी तिला म्हटलं. "आवडलं तर घेऊनच टाक. आपला माणूस आहे."

काकांची जमेची बाजू मला पाठ होती. गणपतीत खुर्च्या उचलणार, नव्या पोरांना एअरपोर्टवरून आणणार, आणि आठ महिन्यांत माझी जात एकदाही विचारली नव्हती. नावे टाकायला फक्त त्यांचे शिळे विनोद.

ग्रासिएला चार मिनिटांत परतली. "कालच गेलं म्हणे. फार सभ्य आहे हं, दारापर्यंत सोडायला आला."

मग केली गेली. पंचवीस मिनिटांनी आली ती एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात नॅपकिनमध्ये बेसनाचा लाडू घेऊन. "हवं तर आजच राहायला ये म्हणाला!"

लिहायचं सोडून मी सरळ आत गेलो.

काकांनी ऐकून घेतलं आणि हसले. "अरे, ती तुझ्या रिसर्चची होती? आधी सांगायचंस ना यार! हो म्हटलं असतं."

"काका, तिला खरंच हवंय."

"मग कसं जमेल?" ते फ्लास्कमधला चहा ओतू लागले. "एकीला दिलं की मागून अख्खं खानदान येतं. नेबर्स कम्प्लेंट करतात. पण मला तसला समजू नकोस. तुला ठेवताना मी काही पाहिलं का? आडनावावरून उलगडा होईना, म्हणून औरंगाबादला फोन करून विचारून घेतलं. तुझी काकू बिचकलीच होती. मी म्हटलं, त्यांच्यातलीही मुलं शिकतात आता, राहू दे. गॅरेजजवळची बाथरूम त्याला वेगळी देऊ, झालं."

स्वतंत्र बाथरूम! आईला पत्रात मी तिचं कौतुक कळवलं होतं.

"फॉर्मवर माझं नाव नसतं ना रे?"

"नसतं."

"मग काय! घे, चहा घे."

कप तसाच ठेवून मी बाहेर आलो. ग्रासिएला गाडीला टेकून उभी होती.

"काय म्हणाला तुझा माणूस?"

"नाही म्हणाला."

तिला त्याचं काहीच वाटलं नाही. धक्का बसला होता तो मला एकट्याला.

"तुझ्या बहिणीच्या बिल्डिंगमध्ये एखादी खोली रिकामी आहे का गं?" मी विचारलं. "मला हवीय."

"तुला? तू तर त्याच्याच घरी राहतोस ना?"

"सकाळपर्यंत राहत होतो."