मागची खोली

मागच्या खोलीत एक माणूस बुटांसकट शिरला, भिंतींवर टकटक केली आणि आला तसा गेला.

"पाहुणे होते गं," जाऊबाई म्हणाल्या.

घोटभर पाणीही न पिता जाणारा पाहुणा मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या खोलीत माझं शिलाई मशीन. बोळात उघडणाऱ्या तिच्या दारातून माझी गिऱ्हाइकं येतात, आणि मशीनच्या घरघरीवर माझी चिमणी झोपते. घर सासऱ्यांचं. ते गेल्यावर दोघे भाऊ एकत्रच राहिले, वाटणी राहून गेली. हल्ली जाऊबाई चिमणीला आपणहून मांडीवर घेऊ लागल्या होत्या. एरवी तिच्या रडण्याने त्यांचं डोकं उठायचं. भाऊजीही म्हणाले, "पुढच्या खोल्यांत या राहायला. उजेड आहे." माझ्या उजेडाची काळजी त्यांना कधीपासून?

"दादा तसा नाही," नवरा म्हणाला आणि कूस बदलली.

मी चिमणीला कडेवर घेऊन वकीलबाईंकडे गेले. तिने त्यांचा चष्मा ओढला, तरी त्या बोलतच राहिल्या. "वाटणी होत नाही तोवर कानाकोपऱ्यात दोघांचा हिस्सा. अमुक खोली माझी म्हणून कोणी परस्पर विकू शकत नाही. न वाचता सही करू नका. आधी समोरासमोर बसू. नाहीच जमलं तर कोर्ट आहे."

रविवारी त्या घरी आल्या. "एकाने आखायचं, दुसऱ्याने निवडायचं."

भाऊजींनी माझा शिवणाचा खडू घेतला. एकीकडे पुढच्या दोन खोल्या. दुसरीकडे मागची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, घरातले सगळे नळ.

"दादा, मोठा तू. तूच निवड," नवरा म्हणाला.

"बरं, मागचं घेतो मी." भाऊजींना विचार करायलाही वेळ लागला नाही.

"आखलं तुम्ही, निवडणार हे," वकीलबाई म्हणाल्या. "दोन्ही कामं एकाच हाताला कशी?"

"घरातल्या घरात कसले हो नियम?" जाऊबाई फणकारल्या.

"घरातच लागतात. परक्याशी माणूस सावधच असतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत म्हणाला, "मग... मागचं."

"अहो, उद्या ते पाहुणे परत येणारेत, त्यांना काय सांगायचं?" जाऊबाईंच्या तोंडून निसटलं.

नवऱ्याने मान वर केली. "कसले पाहुणे, दादा?"

भाऊजी खाली बसून तळहाताने रेघ पुसू लागले. "थांब. पाणी सगळं एकीकडे गेलं. चुकलं जरा."

"खुशाल पुन्हा आखा, निवडणार मात्र हेच," वकीलबाई म्हणाल्या.

या खेपेला ते वीत-वीत मोजत होते. कुठला हिस्सा पदरात पडेल, त्यांना ठाऊक नव्हतं ना! स्वयंपाकघर पुढे गेलं, न्हाणीघर मागे राहिलं. पाण्याची टाकी सामाईक.

"मागचं," नवरा पुन्हा म्हणाला. यावेळी भावाकडे बघून.

"आता रीतसर लिहून नोंदवू," वकीलबाई म्हणाल्या.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "का गं, माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"आहे ना, भाऊजी," मी म्हटलं. "पण नोंदवूच."