वेल्डिंग मशीनचं कव्हर

आमच्या घरात उघडं काही राहत नाही. मिक्सर, टीव्ही, शिलाई मशीन, सगळ्यांना बायकोनं शिवलेली कव्हरं आहेत. निवृत्तीनंतर मी घरामागच्या पत्र्याच्या खोलीत वर्कशॉप थाटलं आणि वेल्डिंग मशीन आणलं, तेव्हा त्याचंही माप घेतलं गेलं. फुलाफुलांचं कव्हर आलं. पुढून बटणापुरती आणि वायरींपुरती भोकं, बाकी चहूबाजूंनी बंद.

मशीन शेजारच्या मिस्तरींच्या सल्ल्यानं घेतलेलं. त्यांनी चाळीस वर्षं वेल्डिंग केलंय, स्वतःचं मशीन अजून घरी आहे. दुकानदार मोठं मशीन माझ्या गळ्यात मारत होता, पण घरच्या वायरिंगला ते झेपणार नाही, हे छोटं, कमी वीज खाणारं इन्व्हर्टरचं पुरून उरेल, असं मिस्तरी म्हणाले.

मग बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ती रविवारी घरी येणार होती आणि दारापुढच्या तीन पायऱ्यांवर धरायला काहीच नव्हतं. रेलिंग मीच करणार, असं मी हॉस्पिटलात छाती ठोकून सांगितलं होतं. गुरुवारी कामाला लागलो. पाच-सात मिनिटं झाली की पिवळा दिवा लागायचा आणि मशीन मान टाकायचं. दोन दिवसांत जेमतेम चार जोड झाले. शनिवारी सकाळी माझं डोकं फिरलं आणि हार्डवेअरच्या दुकानात मी चारचौघांत मिस्तरींच्या नावानं खडे फोडले.

तासाभरात मिस्तरी दारात हजर. माझं बोलणं त्यांच्या कानावर गेलंच होतं. भांडायला आले असणार म्हणून मी तयारीत राहिलो, तर त्यांनी फक्त मशीन दाखवायला सांगितलं. जवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"याला स्वेटर घालून राबवताय होय? मागे पंखा आहे त्याचा. श्वास कुठून घेणार बिचारं?"

गुदमरलं की जळू नये म्हणून ते आपणहून बंद पडत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मिस्तरी, मी दुकानात नको ते बोललो. चुकलं माझं."

"ते राहू द्या. वहिनी उद्या येणार ना? वेल्डिंगच्या कांड्या कोरड्या आहेत का बघू आधी."

त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून त्यांनी पाइप धरले आणि जोड माझ्याकडून करून घेतले. दोन मला पुन्हा करायला लावले. कव्हर मात्र त्यांनी घडी करून फळीवर ठेवलं. मशीन गार झालं की घालायचं, धूळ आत जाणार नाही, म्हणाले. निघताना मला रेलिंगला लोंबकळायला लावलं. असा शेजारी मिळायला मी काय पुण्य केलं होतं, कोण जाणे.

रविवारी बायको वॉकर खाली ठेवून पहिली पायरी चढली. रेलिंगचं कौतुक राहिलं बाजूला, तिनं आधी कव्हर कामाला आलं का ते विचारलं. खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण सगळं खरं सांगून टाकलं. स्वेटरपाशी आलो तेव्हा ती तिसऱ्या पायरीवर होती. तिला असं काही हसू फुटलं की तोल गेला आणि तिचा सगळा भार रेलिंगवर आला. रेलिंग तसूभरही हललं नाही.

"मिस्तरींच्या मशीनचं माप घेऊन या," ती डोळे पुसत म्हणाली. "मागची बाजू उघडी ठेवीन म्हणावं."