टर्सिलिओंच्या मोटारीवरचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पत्रा वाकवून मला घडवलं ते इटलीतल्या पाडुआ शहरात, पण आयुष्य गेलं पो नदीच्या मुखाशी, धुक्यातल्या एका गावात. टर्सिलिओ झोर्झान यांनी मला आपल्या इवल्याशा मोटारीच्या टपावर बसवलं होतं.

टर्सिलिओ उजव्या पक्षाचे. देव, देश, घर, शिस्त हे त्यांचे लाडके शब्द. गाव मात्र लाल बावट्याचं. आम्ही गल्लीत शिरलो की मासळीवाली निवेस म्हणायची, "आला बाई मागच्या जमान्याचा बाजा! टर्सिलिओ, हवी तर वाम मासळी घेऊन जा. मत नाही मिळायचं."

"मत राहू दे. वाम ताजी आहे ना?" ते हसून विचारायचे.

कितीतरी निवडणुका ते हरले. शेवटी जिंकले आणि रोमच्या संसदेत गेले. त्या दिवशी लोकांनी माझ्यावरही फुलं टाकली. मी किती फुशारलो होतो!

पुढची निवडणूक तोंडावर असताना साखर कारखान्याचं गोदाम जळालं. चौकातल्या सभेआधी त्यांच्याच पक्षाचा बाल्दिन मोटारीपाशी आला. "कारखान्यातल्या मोरोक्कोच्या मजुरांनी आग लावली, असं सांग. जिंकलोच म्हणून समज."

"अरे, वायर जळाली. मालक स्वतः मला म्हणाला."

"कोण विचारतंय? लोकांना हेच ऐकायचंय."

टर्सिलिओंनी माईक धरला. त्यांचा श्वास माझ्या घशात घुमत होता.

"बाहेरून इतके मजूर आणू नयेत, असं मी म्हणत आलो. उद्याही म्हणेन. पण ही आग त्यांनी लावलेली नाही. जुनी वायर जळाली."

मग त्यांच्याच माणसांनी शिट्ट्या मारून हुर्यो उडवली. "घरी बस, म्हाताऱ्या," कुणीतरी म्हणालं. बघता बघता चौक रिकामा झाला.

ते एकटेच माझी वायर गुंडाळत होते, तेव्हा निवेस आली.

"मत तुला देणार नाही हं."

"ठाऊक आहे."

"पण आज उभी राहून ऐकलं. पहिल्यांदाच."

ते हरले. पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली नाही. मोटार विकली गेली आणि मी त्यांच्या परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्यात पडलो. कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. टर्सिलिओ कधीमधी येतात, अंडी काढतात, बाहीने मला पुसतात.

मित्रांनो, आम्हा भोंग्यांना ओलाव्यात टाकू नका, गंज चढतो. तो घासून निघेल एकवेळ. पण आमच्या तोंडून गेलेलं खोटं गावभर पसरतं, ते कुणाला घासून काढता येत नाही. म्हणून बोलण्याआधी क्षणभर थांबत जा. टर्सिलिओ थांबले होते.