बरणीतलं निळं पाणी

चौथ्या खेपेला भारत सरांनी माशांच्या पिल्लांची गोष्ट घरात कोणालाच सांगितली नाही. घरात कोण, तर एकटी आई, केशरबाई. पण तिलाही नाही.

आधी तीनदा सांगून बसले होते. औरंगाबादहून एंजल माशांची जोडी एस.टी.त मांडीवर घेऊन आले, तेव्हापासून एकच ध्यास: माजलगावात, आपल्या काचपेटीत पिल्लं निघाली पाहिजेत. पहिल्यांदा आईबापांनीच अंडी गिळली. दुसऱ्यांदा अंड्यांना बुरशी लागली. तिसऱ्यांदा लाईट गेली, हवेचा पंप बंद पडला, सर सायकलचा पंप मारून मारून घायकुतीला आले, तरी काही उरलं नाही. आणि दर वेळी गल्लीभर गवगवा आधीच झालेला. माणूस थकतो हो. सहा वर्षं विनाअनुदानित शाळा, दोनदा ठरून मोडलेलं लग्न. एक तरी गोष्ट आपल्या हातून तडीस जावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

या वेळी माशांनी पेटीत उभ्या करून ठेवलेल्या, शाळेतल्या फुटक्या पाटीच्या तुकड्यावर अंडी घातली. सरांनी तुकडा उचलून काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला, बुरशीचं निळं औषध टाकलं आणि बरणी पाण्याच्या हंड्यांमागे दडवली. विज्ञानाचे मास्तर, पण नजर लागेल म्हणून तोंड शिवून बसले! आठवड्यानं पिल्लं पोहायला लागली. दोन डोळे आणि एक दोरा, बस्स. भिंगाशिवाय दिसायची नाहीत.

पंचाण्णव सालच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रहण होतं. शाळेच्या मैदानावर सर काळे चष्मे वाटत ओरडत होते, "ग्रहणानं काही होत नाही! पाणी विटाळत नाही!" लोक दारं लावून घरात. दहा-बारा पोरं आली, तेवढीच. सरांचा घसा मात्र बसला.

घरी आले तर आई ओल्या लुगड्यानं ओसरीत बसून गुडघे चोळत होती.

"आलास? ग्रहन सुटलं तसं समदं पानी वतून दिलं बग मोरीत. हापशाला धा खेपा केल्या. तुझी माशाची पेटी मला उचलंना, तिच्यात तुळशीचं पान टाकलंय. पन हंड्यामागं बरनी हुती न, तिच्यातलं पानी पार निळं पडलतं. ग्रहनाचाच गुन, दुसरं काय! घासून भरून ठिवली."

सर आत गेले. बरणी लखलखत होती. पाटीचा तुकडा धुऊन भिंतीला टेकवलेला. मोरी सुकत आली होती, तरी ते भिंग घेऊन बराच वेळ तिथं वाकून राहिले. राग आला, पण आईचा नाही. एक शब्द सांगितला असता, तर म्हातारीनं ती बरणी उशाशी घेऊन जपली असती.

"काय झालं रं?" बाहेरून आवाज आला. "चुकलं का काई माजं?"

"न्हाई माय," सर म्हणाले, "पानी लई सोच्छ भरलंस." आणि तेलाची बाटली घेऊन तिच्या गुडघ्यांशी येऊन बसले.