टॉलिव्हरबाईंचं नाव यादीत नाही

हॉयल बिग्झच्या दुकानात गल्ल्यामागच्या खिळ्याला एक यादी टांगलेली होती, आणि त्या यादीत आपलं नाव नाही म्हणून अर्झुला टॉलिव्हरचं डोकं फिरलं होतं.

आता कुणी म्हणेल, नाही तर नाही, बरंच झालं की! कारण यादी काही बक्षिसाची नव्हती. तालुक्यातल्या ज्या ज्या काळ्या माणसानं मतदार म्हणून नाव नोंदवलं, तो तो तिच्यात टिपलेला. कोर्टातल्या वहीतून कुणीतरी नावं उतरवून दिली आणि गोऱ्या दुकानदारांनी ती आपसात वाटून घेतली. यादीत नाव असेल त्याला पीठ नाही, रॉकेल नाही, मीठ नाही, गाडीत पेट्रोलचा थेंब नाही. साल एकोणीसशे साठ, मुलूख टेनेसीचा, पश्चिमेकडचा, कापसाचा. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती, आणि या कापूस वेचणाऱ्या माणसांनी बापजन्मात कधी मत दिलेलं नव्हतं.

अर्झुला सहासष्ट वर्षांची विधवा. तीस एकर जमीन तिच्या स्वतःच्या नावावर, त्यामुळे तिला कुणी हुसकावू शकत नव्हतं, आणि नाकावर माशी बसू द्यायची तिची रीत नव्हती. नाव नोंदवायचं ते फक्त बुधवारी, आणि कारकून एकेकाला आत घेऊन इतका वेळ लावायचा की दिवसाकाठी वीस माणसं झाली तरी खूप. पहिल्या बुधवारी ती शेजारीण क्लिओला बफर्डबरोबर जुलैच्या उन्हात उभी राहिली. क्लिओला आणि तिचा नवरा वाइली आत गेले, आणि अर्झुलाची पाळी आली तसं दार बंद झालं. पुढच्या बुधवारी ती एकटीच गेली, पुन्हा दिवसभर उभी राहिली, फॉर्म भरला, सही केली. कारकून म्हणाला, "कार्ड पोस्टानं येईल." कार्ड आलंच नाही.

ऑगस्टमध्ये यादी निघाली. वाइली पीठ आणायला गेला, तर हॉयलनं बोट यादीवर फिरवलं आणि त्याला दार दाखवलं. अर्झुला तयारीनिशीच गेली होती. चार शब्द सुनवायचेही ठरवून ठेवले होते. पण हॉयल आपला हसून म्हणतो कसा, "ये झुलीमावशी! काय देऊ?"

"यादी बघा ना आधी, हॉयलसाहेब."

"तुझं नाव कशाला असेल त्यात? तू आमच्या घरची. तुला अक्कल आहे, या मूर्खांसारखी नाहीस तू."

झुलीमावशी! तालुक्यातली सगळी गोरी मंडळी तिला हेच म्हणत. मावशी म्हणायचं, पण बसायला खुर्ची द्यायची नाही, असं ते मावशीपण. हॉयलच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात अर्झुलानं सात महिने तिचं सगळं केलं होतं, तेव्हापासून तर तो तिला हक्काचीच समजत होता.

तर आता बघा पंचाईत. दुकानदार माल देतोय म्हणजे नाव यादीत नाही. यादी तर कोर्टाच्या वहीतून उतरवलेली, मग वहीतही नाव नसणार. म्हणजे कारकुनानं तिचा फॉर्म सरळ केराच्या टोपलीत टाकला असणार. दोन बुधवार उन्हात उभं राहून बाईच्या हाती धुपाटणंसुद्धा नाही! आणि वस्तीतल्या लोकांनी तर वेगळाच अर्थ लावला. हॉयल एकटीलाच माल देतो, म्हणजे ही दुसऱ्या बुधवारी नाव नोंदवायला गेलीच नव्हती. किंवा त्याहून वाईट, नावं हिनंच त्याला सांगितली असतील.

क्लिओला आणि ती बरोबरीनं वाढलेल्या. एका चुलीवर दोघींचे भात शिजलेले. त्याच क्लिओलानं एका रविवारी चर्चच्या पायरीवर सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय गं, आज काय आणलंस तुझ्या हॉयलकडनं?"

"तुझं डोकं आणायला गेले होते, शिल्लक नव्हतं म्हणाला," अर्झुला म्हणाली आणि तडक घरी आली. दार लावून घेतलं आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

पण रडत बसेल तर ती अर्झुला कसली. दुसऱ्याच दिवसापासून तिनं सपाटा लावला. हॉयल देतोय ना? मग घ्यायचं! आज पिठाचं पोतं, परवा रॉकेलचा डबा, पुन्हा पीठ. घेतलेलं सगळं ती चर्चच्या मागच्या ओसरीत नेऊन ठेवायची, आणि तिथून ते घरोघर जायचं. कुणी तिला विचारलं नाही, कुणी आभार मानले नाहीत, पण पोती मात्र रिकामी व्हायची. क्लिओलाही न्यायची. बोलायची नाही, पण न्यायची.

हॉयलला एकदा शंका आली. "अगं मावशी, एकटा जीव तुझा. पंधरा दिवसांत पन्नास पौंड पीठ?"

"डुकरं पाळलीत, हॉयलसाहेब."

"डुकरांना पोळ्या करून घालतेस की काय?"

"लाडावलीत हो. लोणी नसेल तर तोंडसुद्धा लावत नाहीत."

हॉयल पोट धरून हसला आणि वर साखरेचा पुडा फुकट दिला. तोही ओसरीत गेला.

ऑक्टोबर संपत आला तशी मिठाची निकड लागली. पहिली थंडी पडली की डुकरं कापायची, मांस मिठात मुरवायचं, त्यावर हिवाळा काढायचा. मीठ नाही तर मांस नाही, आणि मांस नाही तर पोरं काय खाणार? अर्झुलानं पंचवीस पौंडांच्या सहा पिशव्या एकेक करून आणल्या. लोकांच्या पोटाची सोय झाली, पण इकडे निवडणूक जवळ येत होती. वहीत नाव नसलं तर सगळ्यांच्या देखत तिला परत पाठवणार, आणि मग ती खोटारडी हे शाबीतच होणार. जन्मभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

मत कुणाला द्यायचं यावर चर्चमध्ये वाद झाला, पण फार वेळ चालला नाही. वाइली उठून म्हणाला, "मला एवढंच सांगा, कोर्टात बसून आपला रस्ता अडवणारे कोण?"

"डेमोक्रॅट!" सगळे ओरडले.

"मग झालं तर. आपलं मत दुसरीकडे."

आठ नोव्हेंबरला, मंगळवारी, अर्झुलानं निळा रविवारचा झगा घातला, डोक्यावर टोपी चढवली आणि एकटीच चालत गावात गेली. कोर्टाच्या चौकात रांग लागलेली, शंभरावर काळी माणसं, सगळी ठेवणीतल्या कपड्यांत. समोरच्या फुटपाथवर गोरे पुरुष हाताची घडी घालून एकेकाचा चेहरा निरखत होते. अर्झुला येऊन शेवटी उभी राहिली, आणि थोड्या वेळानं तिच्या पाठीमागे कोण येऊन उभं राहावं? क्लिओला आणि वाइली.

तीन तासांनी ती टेबलाशी पोचली. चष्मा लावलेला एक गोरा पोरगेलासा माणूस वही घेऊन बसला होता.

"नाव?"

"मिसेस अर्झुला टॉलिव्हर."

"नाव विचारलं. मिसेस-बिसेस गोऱ्या बायकांना म्हणतात." त्याचं बोट पानावरून खाली खाली गेलं, अगदी तळाला जाऊन थांबलं. "नाही. पुढचा."

अर्झुला जागची हलली नाही. मागची रांग ऐकत होती. समोरचा फुटपाथ ऐकत होता. "पुन्हा बघा," ती म्हणाली.

"नाही म्हटलं ना, बाजूला हो."

"ती आहे म्हणते तर आहे!" मागून क्लिओला कडाडली. अख्खा चौक वळून बघायला लागला. "साठ वर्षं ओळखते मी हिला. जन्मात एकदाच खोटं बोललीय, माझ्या हातचं लोणचं चांगलं झालंय म्हणाली होती. पान उलटा!"

अर्झुलानं मागं वळून पाहिलं. क्लिओलाचे डोळे भरलेले होते आणि हनुवटी वर होती. तिच्यापाशी पुरावा कसला? काही नाही. तरी उभी राहिली ती!

त्या माणसानं कंटाळून पान उलटलं. नव्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं: टॉलिव्हर, अर्झुला. समोर जुलैची तारीख, आणि तिची स्वतःची वाकडी सही.

"सही कर इथं," तो म्हणाला.

तिनं सही केली. मतपत्रिका घेतली, आडोशाला गेली आणि फुली मारली. एवढंच. मिनिटसुद्धा लागलं नाही. मग कागद पेटीत टाकला. बाहेर आल्यावर क्लिओलानं तिच्या गळ्यात पडून सगळा झगा भिजवला.

"माफ कर गं मला."

"करीन. आधी माझी टोपी सोड, चेपली."

बुधवारी सकाळी वाइलीच्या घरी रेडिओभोवती वीस माणसं बसली होती. टेनेसी राज्य डेमोक्रॅटांच्या हातून निसटून निक्सनकडे गेलं. डोंगराकडचे गोरे तर नेहमीच तिकडे असत, त्याचं काही नवल नाही. नवल पुढंच होतं. आपला तालुका! जिथं नव्वद वर्षं डेमोक्रॅट सोडून कुणी जिंकला नव्हता, तो आपला तालुका उलटला होता. वाइलीनं टेबलावर अशी मूठ आपटली की कॉफी सांडली, आणि कुणीतरी भजनच सुरू केलं. दुपारी बातमी आली की देश मात्र डेमोक्रॅट केनेडींनीच जिंकला.

"वॉशिंग्टनात कोण बसतो ते वॉशिंग्टन बघून घेईल," अर्झुला म्हणाली. "आपल्या कोर्टात कुणाची तोंडं पडली ते मला बघायचंय. वाइली, गाडी काढ." मेम्फिसच्या एका भल्या माणसानं दोन डबे पेट्रोल पाठवलं होतं, त्यामुळे गाडी चालू होती.

खरं तर तिला एक गोष्ट स्वस्थ बसू देत नव्हती. नाव वहीत आहे, मग यादीत का नाही? ज्यानं उतरवलं त्यानं हिलाच कसं वगळलं? आपल्यावर मेहेरबानी केली की काय कुणी? छे, असली मेहेरबानी तिला नको होती. आता नाव घालूनच घ्यायचं, असं ठरवून ती हॉयलच्या दुकानात शिरली. क्लिओला आणि वाइली बाहेर गाडीत थांबले.

हॉयलचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. "ये मावशी. ऐकलंस ना? नव्वद वर्षांत असं झालं नव्हतं! तुझ्यासारख्या चार शहाण्या असत्या तर ही वेळ आली नसती."

"मिठाची पिशवी द्या, हॉयलसाहेब. आणि ती यादी जरा वाचून दाखवा. कोण कोण दिवटे आहेत ते कळू दे."

हॉयलला तेवढंच हवं होतं. त्यानं पिशवी समोर ठेवली, यादी खिळ्यावरून काढली आणि एकेका नावाला शिवी हासडत वाचायला लागला. बफर्ड वाइली, बफर्ड क्लिओला, पुढचे, त्याच्या पुढचे. शेवटच्या पानावर तो थांबला.

"आणि ही एक. टॉलिव्हर, अर्झुला. ही कोण भवानी आहे देव जाणे! तीन महिने वाट बघतोय, एकदा दुकानात येऊ दे, अशी हाकलतो..."

अर्झुला त्याच्याकडे बघतच राहिली. वगळलं नव्हतं. मेहेरबानी नव्हती. नाव पहिल्या दिवसापासून तिथंच होतं, त्याच्या डोक्यामागच्या खिळ्याला, आणि या बाबाला ते कुणाचं ते ठाऊकच नव्हतं! सात महिने आईची सेवा करून घेतली, तीस वर्षं मावशी मावशी केलं, आणि बाईचं नाव काय म्हणून कधी विचारलं नव्हतं.

मग तिला हसू आलं. आधी पोटात, मग खांद्यांत, मग असं खदखदून की गल्ल्याला धरून उभं राहावं लागलं.

"काय झालं गं?"

"ती रोज येते की दुकानात. तीन महिने पीठ नेतेय."

"कोण?"

"अर्झुला टॉलिव्हर. ही काय, समोर उभी आहे. वर साखर दिलीस तिला."

हॉयलनं यादीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "पण तू... तू तर झुलीमावशी!"

"तुझ्या आईला माझं नाव माहीत होतं. शेवटच्या रात्री तिनं त्याच नावानं हाक मारली होती मला," अर्झुला म्हणाली. मिठाची पिशवी तिनं दोन्ही हातांनी त्याच्याकडे सरकवली. "घे. यादीतल्यांना माल द्यायचा नसतो."

ती बाहेर पडली. गाडीत बसून वाइलीला म्हणाली, "चल मेम्फिसला. पन्नास मैल तर पन्नास मैल, मीठ तिथून आणू." क्लिओलानं सरकून तिला खिडकीची जागा दिली.

तेवढ्यात दुकानाचं दार उघडलं. "मावशी! ए झुलीमावशी!" हॉयल पायरीवर येऊन ओरडत होता, एका हातात पिशवी, दुसऱ्यात यादी. अर्झुलानं मान वळवली नाही. चौकातली माणसं थांबून बघायला लागली. हॉयलनं हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि भर चौकात, सगळ्या गोऱ्यांच्या देखत, त्याच्या तोंडून निघालं:

"मिसेस टॉलिव्हर! अहो, मिसेस टॉलिव्हर!"

अर्झुलानं खिडकीची काच खाली केली.

"बोल, हॉयल."

"मीठ राहिलं तुमचं," तो म्हणाला.

"असू दे तुला," ती म्हणाली, आणि वाइलीनं गाडी सुरू केली.