पूर्वीच्या किल्ल्यावरचा रिचर्ड

"अगं वरदा, बाहेर ये आधी! तुझ्या लेकीनं महाराजांनाच गादीवरून उतरवलंय!"

वीणाकाकूंची हाक ऐकून वरदा चकल्यांचं ताट हातात घेऊनच गार्डनमध्ये आली. वीणाकाकू म्हणजे लंडनजवळच्या वॉटफर्डातल्या निम्म्या मराठी घरांच्या बिनपगारी सासूबाई. हॉस्पिटलातून निवृत्त झाल्या, तरी समोरच्याकडे नाडी तपासल्यासारखंच बघायच्या. आज फराळाचा डबा घेऊन आल्या होत्या आणि घरात न शिरता वरदाच्या आठ वर्षांच्या लेकीनं, पूर्वीनं, केलेला किल्ला बघायला थेट मागे गेल्या होत्या.

किल्ला तसा झकास जमला होता. इथे गोणपाट कुठलं, म्हणून जुन्या टॉवेलांवर चिखल थापलेला. त्यावर पेरलेले अळीव बोटभर वर आलेले. पण सिंहासनावर भलताच राजा. आजीनं पुण्याहून साड्यांच्या घडीत गुंडाळून पाठवलेले मातीचे महाराज गायब, आणि त्यांच्या जागी म्युझियमच्या दुकानातला प्लास्टिकचा रिचर्ड, इंग्लंडचा जुना राजा. छातीवर तीन सिंह, हातात उगारलेली तलवार.

"एकदा राज्य घेऊन झालं, आता किल्लाही देऊन टाकलात होय गं त्यांना?" काकू खदखदून हसल्या.

वरदाही हसली. हाफ-टर्मची सुट्टी संपली की पूर्वीला वर्गाच्या असेंब्लीत ह्याच रिचर्ड 'लायनहार्ट'वर बोलायचं होतं, तेच डोक्यात असणार. मग तिची नजर खाली किल्ल्याच्या दरवाजाशी गेली.

मावळे रांगेनं आडवे निजवले होते. एकालाही डोकं नव्हतं. डोकी शेजारी नीट रचून ठेवलेली, बोरांच्या वाट्यासारखी.

वरदानं चकल्यांचं ताट खाली ठेवलं. काकूंचं हसूही मावळलं. "मी चहा टाकते," म्हणून त्या आत गेल्या.

"पूर्वी, हे कुणी केलं?"

"मी." पोर शांत. "दे आर द प्रिझनर्स. ॲकरचे."

ॲकर! वरदानं तर हे नावही घरात उच्चारलं नव्हतं. लेकीच्या हातात पडणारं पुस्तक ती आधी स्वतः तांदूळ निवडल्यासारखं निवडून घ्यायची. रिचर्ड शूर होता, जेरुसलेमसाठी लांब लढायला गेला, मरताना बाण मारणाऱ्यालाही त्यानं माफ केलं म्हणतात, एवढंच तिनं सांगितलं होतं. दहा वर्षांच्या राज्यात तो इंग्लंडात जेमतेम सहा महिने राहिला, हेसुद्धा गाळलं होतं.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"तू. कारमध्ये. तू बाबाला बोलली."

वरदाला आठवलं. गेल्या आठवड्यात रिचर्डचा घोड्यावरचा पुतळा दाखवून परत येताना ती गंधारला म्हणाली होती, "ठरल्या तारखेला खंडणी आली नाही म्हणून अडीच हजारांवर कैदी ॲकर गावाबाहेर नेऊन कापले रे ह्यानं. आणि पुतळा बघ, पार्लमेंटच्या दारात!" मागच्या सीटवर पूर्वी खिडकीबाहेर बघत होती. वरदाच्या लहानपणी पुण्यात आई-बाबा पोरांपासून लपवायचं ते इंग्रजीत बोलायचे. इथे ती आणि गंधार तेच मराठीत बोलायचे. पूर्वी उत्तर इंग्रजीत द्यायची, तेव्हा तिला फारसं कळत नाही, असं दोघांनी धरूनच टाकलं होतं.

"आई, आपला तारीख कधी आहे?"

"कसली तारीख?"

"व्हिसाचा. तू बोलली, तारीख गेली की आपल्या हातात काही नाही. त्यांचा पण तारीख गेला." पूर्वीनं रिचर्डकडे बोट केलं. "आणि सगळ्यांना तो आवडतो. बाबाच्या फुटबॉल शर्टवर त्याचे लायन्स आहेत. पार्लमेंटनी त्याला एवढा मोठा घोडा दिला. तेच लोक ठरवतात ना, कोण राहणार?"

 गंधारची नोकरी सप्टेंबरात गेली होती, आणि ठरल्या तारखेच्या आत व्हिसा देणारी दुसरी मिळाली नाही तर तिघांना देश सोडायचा होता. तेव्हापासून प्रत्येक जेवण ह्या तारखेवरच चाललं होतं, पोरीच्या डोक्यावरून, मराठीत. डोक्यावरून कसलं? एकेक शब्द तिच्या पानात पडत होता.

"महाराज कुठायत?"

पूर्वीनं कोटाच्या खिशातून टिश्यूत गुंडाळलेले महाराज काढले. "इथे सेफ आहे."

नव्या साडीनिशी वरदा चिखलात बसली. "आता तारीख गेली म्हणून इथे कुणी कुणाला मारत नाही, राणी. फार तर परत जा म्हणतात. गेलोच, तर तिघं एकत्र जाऊ."

"आणि माझा स्कूल?"

सगळं ठीक होईल, हे वाक्य वरदाच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. "शाळा सुटेल. मलाही खूप वाईट वाटेल."

तेव्हा कुठे पूर्वी रडली, हमसून हमसून.

तेवढ्यात गंधार फोन हातात घेऊन मागच्या दारात आला आणि सवयीनं आवाज उतरवून म्हणाला, "ईलिंगच्या कंपनीचा फोन होता. परत मुलाखतीला बोलावलंय. पण व्हिसाचं बघतीलच असं..."

"थांब," वरदा म्हणाली. "इथे बस. तिच्याकडे बघून सांग."

गंधार गोंधळून उकिडवा बसला. रचलेली डोकी दिसली तसा दचकला. "हे काय?"

"ते नंतर. आधी सांग."

तो काय बोलावं, कोणत्या भाषेत बोलावं, अशा पेचात पडला. पूर्वीनं बाहीला नाक पुसलं, महाराजांना मांडीवर घेतलं.

"मराठीत सांग, बाबा," ती म्हणाली. "मला कळतं."